साखवाळ ते सेवाग्राम : धर्मानंद कोसंबी वाचण्यापूर्वी

धर्मानंद कोसंबी यांचे कोणतेही पुस्तक हाती घेणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ज्या धर्मपरंपरांविषयी त्यांनी लिहिले, त्यांपैकी बहुतेकांच्या दारात ते स्वतः जाऊन राहिले होते. तुकोबांची गाथा त्यांनी गोव्यातल्या माडांच्या बागेत वाचली. पुण्यात प्रार्थना समाजाच्या मंडळींत ते वावरले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरण घोकले, कोलंबोत मुंडन करून काषाय वस्त्रे घेतली, ब्रह्मदेशात ध्यानाला बसले. अमेरिकेच्या विद्यापीठात त्यांनी पोथ्यांचे पाठभेद लावले आणि लेनिनग्राडच्या थंडीत पाली शिकवली. शेवटी जैन मुनींच्या वाटेने अन्न सोडून सेवाग्रामात देह ठेवला. त्यांच्या लेखनात जी साधी, ठाम आणि प्रसंगी रोखठोक भाषा आढळते, तिचे मूळ या पायपिटीत आहे.

मराठी वाचकाला ते ‘बौद्ध पंडित’ म्हणून ठाऊक असतात. ही ओळख खोटी नाही, पण फार अपुरी आहे. पालीचे पंडित त्यांच्या काळी युरोपात होते, सिंहलद्वीपात होते, कलकत्त्यातही होते. कोसंबींचे वेगळेपण त्यांच्या प्रश्नात आहे. प्रत्येक परंपरेपाशी गेल्यावर ते एकच गोष्ट पाहत: ही शिकवण मानणारा माणूस वागतो कसा, आणि त्याच्या वागण्याने दुसऱ्याचे दुःख कमी होते का? उत्तर पटले नाही की ते तिथून उठत, आणि उठताना द्वेष मनात ठेवत नसत. पटले की ते घेत, मग ते कोणत्या पंथाचे आहे याची फिकीर करत नसत. ‘सर्व धर्म सारखेच’ असे म्हणून मोकळे होण्याची सोपी वाट त्यांनी कधीच धरली नाही. धर्मात निवड करावी लागते, आणि ती अभ्यासाने आणि आचरणाने करावी लागते, हे त्यांच्या आयुष्याचे म्हणणे आहे. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका म्हणण्याभोवतीच.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. या गावाला धर्माचा इतिहास अंगावर वागवावा लागलेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळे पाडली, तेव्हा साखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला आणि विजयादुर्गा केरीला. देव परागंदा झालेले आणि गावात चर्च उभे, अशा मुलखात गौड सारस्वत ब्राह्मणाच्या घरी हा मुलगा वाढला. प्रकृती यथातथा, शाळेत फारशी गती नाही. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी रीतीप्रमाणे लग्न झाले, पत्नीचे नाव बाळाबाई. घरच्या माडांची देखभाल करावी, संसार चालवावा, एवढेच पुढ्यात दिसत होते.

अशा वेळी त्यांच्या हाती ‘बालबोधमेवा’ या मासिकातला बुद्धाविषयीचा एक लेख पडला. हे मासिक अमेरिकन मिशनचे, मुलांसाठी काढलेले. पोर्तुगीज कॅथलिक राजवटीत राहणाऱ्या, तुकोबांची गाथा वाचणाऱ्या एका हिंदू तरुणाला प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मासिकातून बुद्ध भेटला. भारतात बौद्ध धर्म तेव्हा जवळजवळ नावापुरता उरला होता, आणि मराठीत त्याविषयी वाचायला मिळणे दुर्मीळ होते. तेवढ्या एका लेखाने त्यांचे मन असे पकडले, की हा धर्म मुळातून समजून घेतल्याशिवाय जगण्यात अर्थ नाही असे त्यांना वाटू लागले. तुकोबांनी आधीच जमीन नांगरून ठेवली होती असे मला वाटते. गाथेतले वैराग्य, दांभिकांवरचा तिचा प्रहार आणि दीनांविषयीचा कळवळा हे सगळे मनात मुरलेले असल्याशिवाय एका मासिकातल्या लेखाने कोणी घर सोडत नाही.

१८९८ मध्ये वडील वारले. १८९९ मध्ये मुलगी झाली, माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, धर्मानंद घराबाहेर पडले ते सहा-सात वर्षांनीच परतले.

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. संस्कृत आल्याशिवाय बौद्ध ग्रंथांपर्यंत पोचता येणार नाही हे उघड होते. भांडारकर प्रार्थना समाजाचे धुरीण. एकेश्वरी उपासना, जातिभेदाला विरोध आणि विवेकाची कास धरणारी ती मंडळी. कोसंबींना तिथे आसरा मिळाला, जिव्हाळाही मिळाला. भांडारकरांविषयी त्यांना जन्मभर आदर राहिला. पण त्यांचे मन काशीकडे ओढत होते. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर करत ते तिकडे निघाले.

काशीतल्या दिवसांचे वर्णन त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात केले आहे. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो, आणि तरी त्यात कुठे तक्रारीचा सूर नाही. अन्नछत्रातले जेवण, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, शहरात साथी, आणि या सगळ्यात ‘सिद्धान्तकौमुदी’ या व्याकरणग्रंथाचे पाठांतर. त्यातच गौड सारस्वतांच्या ब्राह्मणत्वाविषयी दक्षिणी ब्राह्मणांत जुना वाद. ज्ञानाच्या नगरीतही पंगतीचा प्रश्न आधी येतो आणि विद्येचा नंतर, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. पुढे जातिव्यवस्थेवर त्यांनी जे कठोर लिहिले त्यामागे हा अनुभव आहे. पण काशीचे ऋण त्यांनी नाकारले नाही. तिथे मिळालेल्या संस्कृतच्या पायावरच पुढचे सगळे पालीचे काम उभे राहिले.

१९०२ मध्ये ते नेपाळात गेले, कारण बौद्ध धर्म तिथे जिवंत आहे असे ऐकले होते. काठमांडूला पोचेपर्यंत शरीराचे हाल झाले, आणि पोचल्यावर मनाचे. ज्याच्यासाठी एवढे चालत आलो तो धर्म इथे कर्मकांडात बुडाला आहे, असे त्यांना दिसले. दुसऱ्या कोणी तिथून घरची वाट धरली असती. कोसंबी बुद्धगयेला आले. तिथे एका भिक्षूने सांगितले, की बौद्ध धर्म शिकायचा तर सिंहलद्वीपात जा. ते कलकत्त्याला गेले, महाबोधी सभेच्या मदतीने जहाजाची सोय झाली, आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात ते हिक्कडुवे सुमंगलाचार्यांसमोर उभे राहिले. १८७३ मध्ये सुमंगलाचार्यांनी स्थापलेले हे विद्यालय तेव्हा पाली अध्ययनाचे मोठे केंद्र होते. तिथे धर्मानंदांनी श्रामणेराची, म्हणजे नवशिक्या भिक्षूची, दीक्षा घेतली.

साखवाळहून निघाल्यापासून इथपर्यंत जवळजवळ सर्व प्रवास परक्यांच्या दयेवर झाला. कोणी भाडे दिले, कोणी चार दिवस जेवू घातले, कोणी पत्र लिहून दिले. हे देणारे हिंदू होते, ब्राह्मसमाजी होते, बौद्ध होते. ‘निवेदना’त या माणसांची नावे कोसंबी काळजीपूर्वक नोंदवतात. धर्माचा शोध घेणाऱ्याने माणसांचे उपकार विसरू नयेत अशी त्यांची रीत दिसते, आणि त्यामुळे हे आत्मचरित्र त्या काळच्या भारताच्या औदार्याचीही साक्ष झाले आहे.

सिंहली लिपी ते लंकेत शिकले, बर्मी लिपी ब्रह्मदेशात. ब्रह्मदेशात त्यांनी ग्रंथ वाचले आणि विहारांत राहून ध्यानाचा अभ्यासही केला. भारतात परतल्यावर कुशिनगर आणि इतर बौद्ध स्थळे त्यांनी भिक्षूच्या वेषात पाहिली. १९०६ च्या सुमारास त्यांच्या मनात एक निर्णय पक्का झाला: आपण जे मिळवले ते आपल्या मोक्षापुरते ठेवायचे नाही, स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत पोचवायचे. त्यासाठी त्यांनी चीवर उतरवले. कलकत्त्यात राष्ट्रीय विद्यालयात पाली शिकवू लागले, मग विद्यापीठात. घर सोडणे जितके अवघड, तितकेच चीवर सोडणेही असते, आणि भिक्षुपदाला मिळणारा मान सोडणे त्याहून अवघड. ते त्यांनी गाजावाजा न करता केले.

याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी, की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि बडोदे संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत. कलकत्त्यात याहून कितीतरी जास्त पगाराची नोकरी हाती होती. कोसंबींनी ५० रुपये पत्करले. मराठीतल्या बौद्ध वाङ्मयाचा आधुनिक इतिहास या एका निवडीपासून सुरू होतो असे मी मानतो. १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ आले, १९१४ मध्ये ‘बुद्धलीलासारसंग्रह’, पुढे ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘समाधिमार्ग’, जातककथा. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठात पाली हा विषय आला, आणि १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबींनी तो शिकवला. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे शिष्य तिथे तयार झाले. महाराष्ट्रात पाली शिकणाऱ्यांची वंशावळ काढली तर ती बहुधा याच वर्गाशी जाऊन थांबते.

आता ‘विसुद्धिमग्गा’विषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण कोसंबींची विद्वत्ता कोणत्या प्रतीची होती हे तिथे कळते. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी अनुराधपुराच्या महाविहारात हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन पायऱ्यांत तो बौद्ध साधनेचा सगळा मार्ग उलगडून दाखवतो. त्यात ध्यानाचे ४० विषय आहेत. मातीचे किंवा पाण्याचे मंडल डोळ्यांपुढे ठेवण्यापासून प्रेतावस्थांच्या चिंतनापर्यंत, आणि श्वासाच्या निरीक्षणापासून मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या भावनांपर्यंत. कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणता विषय मानवेल, हेही तो सांगतो. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी विद्वानाने त्याची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती, पण १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिले.

हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स भारतात आले असता कोसंबींकडे शिकले होते. त्यांच्यामुळे १९१० मध्ये हे काम पुरे करायला कोसंबींना अमेरिकेचे बोलावणे आले. सिंहली आणि बर्मी पोथ्या समोर ठेवून प्रत्येक शब्दाचा पाठ ठरवायचा. कुठे लेखनिकाने अक्षर चुकवले आहे, कुठे ओळ गाळली आहे, कुठे एका परंपरेने आपला अर्थ घुसवला आहे, हे ओळखायचे. दोन्ही लिप्या सहज वाचणारा, संस्कृत व्याकरण काशीत घोटलेला, आणि ग्रंथात सांगितलेले ध्यान स्वतः करून पाहिलेला असा माणूस तेव्हा जगात दुसरा मिळणे कठीण होते. तरीही संपादनाचे श्रेय कोणाला, यावरून तिथल्या प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. पुढे १९१८ मध्ये पुन्हा गेले, १९२६ मध्ये गेले, १९३१ मध्येही गेले. ग्रंथ हार्वर्ड प्राच्यमालेत छापून बाहेर आला तो १९५० मध्ये. तोवर कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती. मात्र त्यांनी स्वतः तयार केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच काढली होती. आपल्या देशातल्या विद्यार्थ्याला रोमन लिपीची वाट पाहावी लागू नये, ही काळजी त्यामागे होती.

अमेरिकेत त्यांनी आणखी एक गोष्ट वाचली: समाजवाद. बुद्धाने तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले, आणि समाजवादी मंडळी मालमत्तेच्या हव्यासाने समाजात पडलेल्या दरीवर बोट ठेवत होती. कोसंबींना या दोन गोष्टी परस्परांच्या जवळच्या वाटल्या. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले. श्चेर्बात्स्की यांच्यासारखा बौद्ध न्यायाचा थोर अभ्यासक तिथे होता. रशियात समतेसाठी चाललेला प्रयत्न त्यांना भावला, पण हिंसेच्या पायावरची समता त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. परत आले ते थेट १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात. शिरोडा, विलेपार्ल्याची छावणी, ठाण्याचा तुरुंग. पन्नाशी उलटलेला हा पंडित स्वयंसेवकांत वावरत होता. त्याआधी १९२२ ते १९२५ गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले होते. गांधीजींच्या सत्याग्रहात त्यांना श्रमणांची अहिंसा पहिल्यांदाच राजकारणात उतरलेली दिसली.

या सगळ्याचा निचोड ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ (१९३५) या पुस्तकात आहे. वैदिक, श्रमण, पौराणिक आणि पाश्चात्य अशा संस्कृतींना एकामागून एक समोर घेऊन ते अहिंसेच्या कसोटीवर तपासतात. पुस्तक जितके धाडसी तितकेच वादग्रस्त. वैदिक देवतांचा बाबिलोनशी त्यांनी जोडलेला संबंध आज टिकणारा नाही, आणि काही ठिकाणी त्यांचा तर्क पुराव्याच्या पुढे धावतो. पण कोणत्याही परंपरेला, अगदी आवडत्या परंपरेलाही, तिने हिंसेशी केलेली तडजोड माफ करायची नाही, हा त्यांचा बाणा त्यात लखलखीत दिसतो. बौद्ध संघ राजाश्रयाने कसा सुस्त झाला, विहारांच्या मिळकती कशा वाढल्या आणि सामान्य माणसाशी त्याचे नाते कसे तुटले, हे त्यांनी हातचे न राखता लिहिले.

‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. त्यातली एक जागा मी वाचकाला मुद्दाम दाखवू इच्छितो. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र सिद्धार्थाला वैराग्य आले आणि मध्यरात्री झोपलेली पत्नी आणि मूल टाकून तो निघाला, ही कथा लहानपणापासून आपण ऐकत आलो. कोसंबी पाली सुत्तांकडे वळतात. ते दाखवतात, की चार दृश्यांची ही हकिकत महापदानसुत्तात विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी आली आहे. गौतमाच्या चरित्राला ती नंतर चिकटली. अरियपरियेसनसुत्तात तर बुद्ध स्वतः सांगतात, की आईवडील रडत असताना त्यांच्यासमोर आपण केस काढून घर सोडले. म्हणजे चोरून निघून जाणे नाही. मग कारण काय? सुत्तनिपातातल्या अत्तदंडसुत्ताकडे कोसंबी बोट दाखवतात. आटत चाललेल्या पाण्यातल्या माशांप्रमाणे तडफडणारी, एकमेकांवर शस्त्र उगारणारी माणसे पाहून आपल्या मनात भय उत्पन्न झाले, असे बुद्ध तिथे सांगतात. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून चाललेल्या तंट्याशी कोसंबींनी याचा संबंध जोडला. माणसे शस्त्राशिवाय कशी जगतील, या प्रश्नाने सिद्धार्थ घराबाहेर पडला, असा त्यांचा निष्कर्ष. ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही त्यांनी तो मांडला. रोहिणीच्या पाण्याचा हाच तंटा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी आहे.

या जागेपाशी मी नेहमी थांबतो. ज्या माणसाने स्वतः तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडले, त्याला मध्यरात्रीच्या गृहत्यागाची कथा किती सोयीची होती! तिचा आधार घेऊन स्वतःच्या कृतीला थोरवी देता आली असती. कोसंबींनी पुरावा पाहिला आणि ती कथा बाजूला ठेवली. बाळाबाईंच्या वाट्याला आलेली वर्षे मात्र त्यामुळे हलकी होत नाहीत. नवरा कुठे आहे, परत येणार की नाही, हे न कळता मुलीला वाढवणारी ती बाई. पुढेही परदेशाच्या वाऱ्या आणि आश्रमांतली वास्तव्ये यांत संसाराचा मोठा भार तिनेच वाहिला. तिने काही लिहून ठेवले असते तर हा प्रवास दुसऱ्या बाजूनेही वाचता आला असता. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी आजोबांचे लेखन इंग्रजीत आणताना हे मौन दृष्टीआड होऊ दिले नाही, आणि वाचकानेही होऊ देऊ नये. थोर माणसाच्या शोधाची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याचा धडा खुद्द कोसंबींच्याच पद्धतीतून मिळतो.

मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना १९१८ मध्ये ते अमेरिकेला घेऊन गेले. दामोदर म्हणजे गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. बापाने श्रद्धेने जो प्राचीन भारत वाचला तो मुलाने मार्क्सवादी इतिहासपद्धतीने पुन्हा वाचला. दोघांत पुष्कळ अंतर होते, पण मूळ साधनांपाशी गेल्याशिवाय बोलायचे नाही हा स्वभाव घरातलाच.

‘भगवान बुद्ध’ प्रसिद्ध झाल्यावर सर्वांत मोठे वादळ उठले ते मांसाहाराच्या प्रश्नावर. पावा इथे चुंद लोहाराच्या घरी बुद्धांनी घेतलेल्या अखेरच्या भोजनात डुकराचे मांस होते, हा अट्ठकथेतला, म्हणजे जुन्या पाली भाष्यातला, अर्थ कोसंबींनी स्वीकारला. इतकेच नव्हे, तर त्या काळचे जैन श्रमणही प्रसंगी मांस घेत असत, असे त्यांनी आगमांच्या आधारे म्हटले. जैन समाजात त्यावर तीव्र क्षोभ झाला. कोसंबींनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. अहिंसेवर त्यांच्याइतके प्रेम करणारा माणूस हे लिहितो, यातच त्याचे वजन आहे. पुरावा आपल्या प्रेमाच्या विरुद्ध गेला तरी तो लपवायचा नाही, असे व्रतच त्यांनी घेतले होते.

आणि तरी शेवटच्या वर्षांत त्यांचे मन अधिकाधिक जैन परंपरेकडेच वळले. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये निघाले. महावीरांच्या आधी पार्श्वनाथांनी अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे चार याम सांगितले. बुद्धाच्या आर्य अष्टांगिक मार्गाची आणि महावीरांच्या पंचमहाव्रतांची मुळे इथे आहेत, आणि गांधीजींच्या व्रतांपर्यंत हाच धागा येऊन पोचतो, असे कोसंबींचे प्रतिपादन. अपरिग्रहाला समाजवादाची जोड मिळाली पाहिजे, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. ज्या समाजाने त्यांच्यावर रोष धरला त्याच समाजाच्या तीर्थंकरापाशी त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या शोधाचा उगम पाहिला. हे जुळवून घेणे नव्हते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वाचनाने ते तिथे पोचले होते.

मृत्यूविषयी लिहिताना हात आखडतो. प्रकृती पार ढासळली होती. या शरीराने आता कोणाची सेवा घडत नाही, उलट दुसऱ्यांना ते वाहावे लागते, असे त्यांना वाटू लागले. पार्श्वनाथांप्रमाणे अन्नत्याग करून ते ठेवावे असे त्यांनी १९४६ मध्ये ठरवले आणि संयुक्त प्रांतात दोहरीघाटच्या आश्रमात उपोषण आरंभले. गांधीजींनी समजावल्यावर ते सोडले. पुढे सेवाग्रामात येऊन १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा अन्न थांबवले आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचा देहान्त झाला. जवळ असणाऱ्यांनी त्यांच्या शांतपणाची आठवण पुढे अनेकदा सांगितली. मला ही वाट अनुकरणाची वाटत नाही, आणि आजारी वृद्धाने स्वतःला ओझे समजावे हे ऐकताना मन अस्वस्थ होते. तरी ती त्यांनी निराशेने धरलेली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. ग्रंथांतून ज्याचा अभ्यास केला ते आपल्या अंगावर तपासून पाहण्याची त्यांची जन्माची सवय होती, आणि तिला ते शेवटपर्यंत धरून राहिले.

फाळणीच्या धामधुमीत दिल्लीत असलेल्या गांधीजींनी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत त्यांचा उल्लेख केला. प्रसिद्धीपासून दूर राहून काम करणाऱ्या या माणसाची देशाला पुरेशी ओळख नाही, याची त्यांना खंत होती. कोसंबींच्या स्मरणार्थ भारतीय विद्यार्थ्यांना पाली शिकायला लंकेत पाठवावे, असा विचारही तेव्हा पुढे आला.

आता वाचनाविषयी दोन शब्द. कोसंबी वाचायला घेणाऱ्याने आधी ‘निवेदन’ वाचावे. १९२४ चे हे पुस्तक मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत मोडते, आणि त्यातल्या साध्या गद्यात आजही कुठे अडखळायला होत नाही. मग ‘भगवान बुद्ध’. ते वाचताना शेजारी सुत्तनिपात ठेवता आला तर फार चांगले. त्याचा कोसंबींनी केलेला मराठी अनुवादही उपलब्ध आहे. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ त्यानंतर, आणि वाद घालण्याच्या तयारीने. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ सर्वांत शेवटी. ध्यानाची आवड असेल त्याने ‘समाधिमार्ग’ कधीही उघडावे.

धर्मानंदांच्या लेखनावरचे स्वामित्वहक्क आता संपले आहेत. ग्रामीण वाचनालयांनी, महाविद्यालयांनी, लहान प्रकाशकांनी ही पुस्तके स्वस्तात छापावीत, त्यांचे वाचनवर्ग चालवावेत. आणि ज्यांना वेळ आणि उमेद असेल त्यांनी पाली शिकावी. कोसंबींनी महाराष्ट्रात सुरू केलेले ते काम अजून पुष्कळ बाकी आहे.